विशेषनामाचे अनेकवचन

१

विशेषनामाचे अनेकवचन होत नाही, हा नियम शालेय मराठी व्याकरणात प्रारंभीच सांगितला जातो, आणि त्याच्या पाठोपाठ अपवादही सांगितला जातो. वर्गात एकाच आडनावाची तीन मुले असली आणि 'वर्गात तीन पाटील आहेत' असे कोणी म्हटले, तर त्या वाक्यातील 'पाटील' हे विशेषनाम राहत नाही, ते सामान्यनाम होते. व्याकरणाच्या दृष्टीने ही केवळ एक वर्गांतराची बाब आहे. परंतु हेच विधान आडनावाऐवजी नावाविषयी केले गेले, आणि ऐकणारी व्यक्ती ते नाव ठेवणारी आई किंवा बाप असली, तर व्याकरणाच्या या निरुपद्रवी नियमात एक लहानसा पराभव ऐकू येतो.

गेल्या दोन-तीन दशकांतील सुशिक्षित मराठी घरांत या पराभवाचा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा झालेला आहे. अपत्यजन्माच्या आधीपासून नावाचा शोध सुरू होतो. नावांची पुस्तके चाळली जातात, संस्कृत कोश उघडला जातो, जाणत्यांना विचारले जाते. आजीच्या पिढीची नावे जुनाट म्हणून आणि स्वतःच्या पिढीची नावे सरसकट झाली म्हणून बाजूला सारली जातात. अखेरीस 'अनन्या' हे नाव निश्चित होते. जिच्यासारखी दुसरी नाही अशी. बारशाला आत्या ते बाळाच्या कानात सांगते. तीन-चार वर्षांनी बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाई हजेरी घेऊ लागतात तेव्हा त्या नावाला तीन मुली 'हजर' म्हणतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्या तिघी आडनावांच्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाऊ लागतात. आधीच्या पिढीत 'अमोल' या नावाचे हेच झाले होते. ज्याचे मोल होऊ शकत नाही असा अर्थ सांगणारे नाव बघता बघता घरोघर झाले.

यातील विसंगती इतकी उघड आहे की तिच्याकडे विनोदाचा विषय म्हणून पाहून ती सोडून देण्याचा मोह होतो. तथापि या विनोदाखाली एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्या दोन मुलींना तेच नाव असल्यामुळे पहिल्या मुलीचे नेमके काय हिरावले जाते? काही हिरावले जात नसेल, तर आईबापांना होणारे दुःख कशाचे? आणि ते दुःख खरे मानले, तर आपल्या अपत्याला इतर कोणाचेही नसलेले नाव असावे या इच्छेचे नैतिक मूल्य काय ठरते? हा प्रश्न भाषेचा आहे, समाजाचा आहे आणि नीतीचाही आहे. यांपैकी एकाच अंगाने त्याचा विचार केला तर तो अपुरा राहतो.

२

प्रथम भाषेचे अंग पाहावे. विशेषनामाविषयीचा आधुनिक पाश्चात्त्य विचार जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८४३ सालच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथापासून सुरू झाला असे मानण्याचा प्रघात आहे. मिल यांच्या मते विशेषनाम निर्देश करते, गुण सांगत नाही. एखाद्याचे नाव 'श्रीमंत' असले तरी त्या नावाने त्याच्या मिळकतीविषयी काहीही विधान केले जात नाही. सॉल क्रिपकी यांनी १९७० साली प्रिन्स्टन येथे दिलेल्या आणि पुढे ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत या भूमिकेला नवे बळ दिले. त्यांच्या मांडणीनुसार नामकरणाच्या एका मूळ कृतीने नाव व्यक्तीशी जोडले जाते आणि त्यानंतर बोलणाऱ्यांच्या साखळीतून ते पुढे जात राहते. नावाचा निर्देश टिकतो तो वर्णनाच्या आधारे नव्हे, तर या साखळीच्या आधारे. दोन व्यक्तींचे नाव एकच असण्याच्या अडचणीचाही त्यांनी विचार केला आहे. १९८०च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी, विवेचनाच्या सोयीसाठी, उच्चार एक असला तरी निर्देश भिन्न असल्यास ती नावेच भिन्न मानावीत अशी भूमिका घेतली आहे.

ही भूमिका स्वीकारली तर बालवाडीतील तीन अनन्या या एका नावाच्या तिघी नव्हेत. ती समानोच्चारी अशी तीन नावे होत. तीन बारशी झाली, तीन कानांत तीन वेळा ते उच्चारले गेले, तीन साखळ्या सुरू झाल्या. एकीच्या निर्देशात दुसरीच्या अस्तित्वाने काहीही उणेपणा येत नाही. अर्थात आईबापांचे दुःख तर्कदृष्ट्या निराधार ठरते.

परंतु सिद्धान्ताने निराधार ठरवलेली वेदना नाहीशी होत नाही. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर ती वेदना चुकीच्या समजुतीतून उद्भवलेली आहे, किंवा सिद्धान्ताच्या दृष्टीतून नावाचे काही कार्य निसटलेले आहे. प्रस्तुत संदर्भात दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. आईबाप नाव ठेवतात तेव्हा ते केवळ निर्देशाची सोय करीत नाहीत, ते काहीतरी म्हणतही असतात. ते काय म्हणतात, हे पाहण्यासाठी भारतीय विचारातील एका संकल्पनेकडे वळणे उपयुक्त ठरेल.

३

पतंजलींनी महाभाष्यात शब्दांच्या प्रवृत्तीचे चार प्रकार मांडले आहेत: जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द. 'गाय' हा जातीमुळे, 'शुभ्र' हा गुणामुळे, 'चालणारा' हा क्रियेमुळे प्रवृत्त होतो. चौथ्या वर्गासाठी परंपरेने 'डित्थ' हे नाव उदाहरण म्हणून रूढ केले. ते अर्थशून्य आहे, हाच त्याचा उदाहरण म्हणून गुण. पुढे मम्मटाने काव्यप्रकाशाच्या दुसऱ्या उल्लासात संकेताची चर्चा करताना या चौथ्या वर्गाचे जे विवरण केले आहे, ते येथे विशेष महत्त्वाचे आहे. जाती, गुण, क्रिया हे वस्तूचे धर्म आहेत; यदृच्छाशब्दाच्या मुळाशी असलेला उपाधी मात्र वस्तूच्या ठिकाणी आधी नसतो. तो वक्त्याने स्वतःच्या इच्छेने तिच्यावर ठेवलेला असतो.

याचा अर्थ असा की विशेषनामाचे मूळ नाव धारण करणाऱ्यात नाही, ते ठेवणाऱ्यात आहे. नाव ज्याचे, त्याच्याविषयी ते मौन पाळते. ज्याने ठेवले, त्याच्याविषयी मात्र बोलते. विसाव्या शतकात क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी मानवशास्त्राच्या वेगळ्या वाटेने जवळजवळ याच निष्कर्षाप्रत येऊन त्याला सामाजिक परिमाण दिले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या, आदिम विचारपद्धतीवरील आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की शुद्ध नामकरण असे काही नसतेच, असते ते वर्गीकरण. नियमाप्रमाणे नाव ठेवले तर ठेवणारा दुसऱ्याचे वर्गीकरण करतो. आणि नियम झुगारून, आपल्या स्वातंत्र्याने ठेवतो आहोत या भावनेने ठेवले, तर तो स्वतःचेच वर्गीकरण करतो.

बालवाडीतील प्रसंगाचे मर्म या विचारातून उलगडू लागते. 'अनन्या' हे नाव ठेवताना आईबाप मुलीविषयी काहीच सांगू शकत नव्हते. त्या वेळी ती बारा दिवसांची होती. ते स्वतःविषयी सांगत होते: आपण परंपरेला चिकटून बसणारे नाही, परंतु परंपरा सोडणारेही नाही, आपल्याला शब्दाची पारख आहे, आपण गर्दीतले नाही. हजेरीत तीन आवाज उठले तेव्हा मुलीचे काहीच गेले नाही. गेला तो आईबापांचा स्वतःविषयीचा एक दावा. आणि तो त्यांच्यासारख्याच माणसांनी खोडून काढला होता, म्हणून तो अधिक जिव्हारी लागला.

४

हे घडते कसे, याचे सर्वांत सोपे उत्तर 'अनुकरण' हे आहे. परंतु ते पुरेसे नाही. तिन्ही घरांनी एकमेकांचे पाहून नाव ठेवलेले नसते. किंबहुना एकाला दुसऱ्याची कल्पना असती तर त्याने ते नाव टाळलेच असते. गेओर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फॅशनवर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले की फॅशनच्या मुळाशी दोन परस्परविरोधी प्रेरणा एकत्र नांदत असतात: इतरांत मिसळण्याची आणि इतरांहून वेगळे होण्याची. वेगळेपणाची खूण सर्वांनी स्वीकारली की ती खूण राहत नाही, आणि नव्या खुणेचा शोध सुरू होतो. स्टॅन्ली लिबरसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांची नावे हाच अभ्यासविषय निवडला, त्याचे कारण लक्षणीय आहे. कपडे किंवा मोटारी यांची अभिरुची घडवण्यासाठी उत्पादक आणि जाहिरातदार झटत असतात; नावे मात्र कोणी विकत नाही. तरीही नावांत लाटा येतात. याचा अर्थ अभिरुचीला स्वतःची अंतर्गत गती असते, आणि नवी निवड ही बहुधा आधीच्या निवडीत केलेला थोडासा बदल असते.

मराठी संदर्भात ही गती सहज ओळखता येते. नाव लहान असावे, दोन किंवा तीन अक्षरी. संस्कृत असावे, पण बोजड नसावे. त्याला चांगला अर्थ असावा. त्याचे विद्रूप लघुरूप होऊ नये. उद्या परदेशी गेल्यास तेथील लोकांनाही ते उच्चारता यावे. आणि ओळखीत कोणाचे नसावे. या अटी प्रत्येक घराला आपल्या खास वाटतात, परंतु त्या सर्वांच्या सारख्याच असतात. सारख्या अटी घेऊन सारख्याच कोशात शिरणारी माणसे सारखाच शब्द घेऊन बाहेर पडली तर त्यात आश्चर्य नाही. गंमत अशी की या आधुनिक निवडीच्या मागे एक अतिप्राचीन निवडही उभी असते. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचे नाव विषमाक्षरी आणि आकारान्त असावे असे सांगितले आहे. ते उच्चारायला सुलभ, मनोहर आणि मंगल असावे, अशी अपेक्षा मनुस्मृतीत आहे. 'अनन्या' हे त्र्यक्षरी, आकारान्त नाव या सर्व कसोट्यांना उतरते. नियमातून सुटल्याच्या आनंदात ठेवलेले नाव नकळत नियमाचेच पालन करते.

कोशाबाहेर जाऊन शब्दच नवा घडवला तर? अमेरिकेतील एका उदाहरणाने या आशेचेही निरसन होते. स्वर्ग या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लिहिली की 'नेव्हेया' असे नाव तयार होते. १९९९ मध्ये संपूर्ण अमेरिकेत केवळ आठ नवजात मुलींना हे नाव दिल्याची नोंद आहे. २००० साली एका संगीतकाराने दूरचित्रवाणीवर आपल्या तान्ह्या मुलीची या नावाने ओळख करून दिली. आणि २००५ मध्ये मुलींच्या नावांच्या राष्ट्रीय यादीत ते सत्तराव्या क्रमांकावर आले. ज्या शब्दाला कोश नाही, परंपरा नाही, असा हा 'डित्थ'च म्हणावयाचा. परंतु डित्थही पुष्कळ होऊ शकतात. येथे अनुकरण निश्चितच होते. तथापि अनुकरण करणाऱ्यांपैकी कित्येकांना ते नाव विरळ आहे म्हणूनच हवेसे वाटले असेल. विरळपणा हाच त्याच्या प्रसाराचे कारण झाला.

५

येथवरचे विवेचन एका विशिष्ट वर्गाच्या अनुभवाभोवती फिरत राहिले आहे. नावाचे अनन्यत्व हे मूल्य मानणे ही अलीकडची आणि मर्यादित वर्तुळातील गोष्ट आहे, हे विसरता येत नाही.

महाभाष्याच्या पस्पशाह्निकात व्याकरणाची प्रयोजने सांगताना पतंजली याज्ञिकांचा एक नियम देतात. मुलाच्या जन्मानंतर दहाव्या दिवसानंतर त्याचे नाव ठेवावे. त्याचा आरंभ घोषवर्णाने व्हावा, मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, ते तीन पिढ्यांतील पूर्वजांना अनुसरणारे असावे आणि शत्रूकडे रूढ असलेले नसावे. असे नाव अधिक प्रतिष्ठित होते, असे त्याचे कारण दिले आहे. येथे मूल्य आहे ते प्रतिष्ठेचे, नावीन्याचे नव्हे. नाव आधी कोणाचे तरी होते, म्हणून ते घ्यावयाचे. आजोबांचे नाव नातवाला देण्याची मराठी घरांतील रीत याच जातीची. पेशवे घराण्यात बाळाजी, बाजीराव आणि माधवराव ही तिन्ही नावे दोन-दोनदा गादीवर आली. त्यात कल्पनेचे दारिद्र्य कोणाला दिसले नाही, सातत्यच दिसले. भागवतातील अजामिळाची कथा तर पुनरावृत्तीचे माहात्म्यच सांगते. मृत्युसमयी त्याने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव 'नारायण' होते, आणि त्या हाकेने तो तरला. नाव मुलाचे एकट्याचे असते तर ती हाक मुलापर्यंतच पोहोचली असती.

परंतु परंपरेतील नामकरणाचे हे एवढेच चित्र रंगवणे अप्रामाणिक होईल. ज्या मनुस्मृतीत स्त्रियांची नावे मनोहर असावीत असे म्हटले आहे, त्याच मनुस्मृतीत ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सासूचक असावे असा दंडकही आहे. सुंदर नाव हा एके काळी अधिकार होता, आणि तो सर्वांना नव्हता. मुले जगत नाहीत म्हणून 'दगडू', 'धोंडू', 'भिकू' अशी नावे ठेवण्यामागे निदान मृत्यूची दृष्ट चुकवण्याची माया होती. वर्णाने लादलेल्या कुरूप नावामागे तीही नव्हती. लग्नानंतर ताटातल्या तांदळात पतीने लिहिलेले नाव स्वीकारून माहेरचे नाव मागे टाकणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर नाव हे स्वतःचे असते, ही कल्पनाच लागू पडत नाही. पुढे डॉक्टर होऊन इतिहासात राहिलेल्या आनंदीबाई जोशी जन्मतः यमुना होत्या. यमुनेची आनंदी झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

या पार्श्वभूमीवर नावांच्या पुनरावृत्तीचा एक वेगळाच अर्थ पाहावयास मिळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतरच्या पिढ्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे महाराष्ट्रातील बौद्ध घरांत मोठ्या प्रमाणावर ठेवली गेली. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली स्थापन झाले. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील मिलिंद महाविद्यालयाच्या नावातही तीच दृष्टी दिसते. ही नावे निवडणाऱ्यांना, दुसऱ्या घरात तोच सिद्धार्थ आहे, याचे दुःख होण्याचे काहीच कारण नव्हते. ते नाव घरोघर असणे हेच निवडीचे प्रयोजन होते. येथे निवड स्वतंत्र आहे, ती परंपरेला नकार देणारी आहे, आणि तरीही ती वेगळेपणासाठी केलेली नाही. स्वातंत्र्य आणि अद्वितीयता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते. मध्यमवर्गीय नामशोधात त्या दोहोंची गल्लत झालेली असते.

यापुढचे उदाहरण अधिक कठोर आहे. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एक सार्वजनिक नामकरण समारंभ झाला. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिल्ह्यातील अनेक मुलींची नावे 'नकुशी' किंवा 'नकोशी' अशी ठेवली गेली होती. अशा २८५ मुलींना त्या समारंभात नवी नावे मिळाली. काहींनी चित्रपटतारकेचे 'ऐश्वर्या' हे नाव घेतले, काहींनी 'सावित्री', काहींनी 'वैशाली'. ज्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःचे नाव निवडण्याची संधी मिळाली, त्यांच्या निवडींत अशी सर्वपरिचित, वर्गात आणखी दोघीतिघींची असू शकतील अशी नावे होती. इतर मुलींसारखे नाव असणे हाच त्यांच्या दृष्टीने सन्मान होता.

'नकुशी' हे नावही पुष्कळजणींचे होते, असा आक्षेप येथे घेता येईल. तो योग्यच आहे, आणि त्यातूनच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नाव एकीचे आहे की अनेकजणींचे, हा प्रश्नच दुय्यम आहे. 'नकुशी' हे दिसायला विशेषनाम, पण वस्तुतः तो एक निवाडा आहे. तो मुलीला हाक मारीत नाही, तिला बाजूला सारतो. पतंजलींच्या वर्गीकरणात सांगावयाचे तर ते यदृच्छाशब्दाच्या वेषात वावरणारे जातिवाचक पद आहे, आणि ती जात म्हणजे नको असलेल्या मुलींची. 'वैशाली' हे नाव हजार जणींचे असले तरी ते हाकेसाठी मोकळे आहे. ज्या नावाने माणसाला जवळ बोलावता येते आणि ज्या नावाने ते दूर लोटले जाते, यांतील भेद हा नामकरणातील खरा नैतिक भेद होय.

६

आता अद्वितीय नावाच्या इच्छेचे मूल्यमापन करता येईल. कान्ट यांच्या कसोटीने पाहिले तर, प्रत्येकाने आपल्या अपत्याला इतर कोणाचेही नसलेले नाव द्यावे, हा नियम सार्वत्रिक करण्यात तार्किक अडचण नाही. अडचण वेगळी आहे. हा नियम पूर्णतः पाळला गेला तर नावाचे नावपण टिकेल काय? अशा नियमाची परिपूर्ण अंमलबजावणी आज अस्तित्वात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. बारा अंकांचा हा क्रमांक निरपवादपणे एकाच व्यक्तीचा असतो. अनन्यत्व हेच मूल्य असेल तर ते येथे पूर्णत्वाला पोहोचले आहे. परंतु कोणतीही आई आपल्या मुलाला त्या क्रमांकाने जेवायला बोलावीत नाही. क्रमांकात इच्छा नाही, स्मरण नाही, कोणाचा वारसा नाही. जे निव्वळ एकाचेच असते त्यात दुसऱ्या कोणाला शिरायला वाव नसतो. नावात तो असतो, कारण नाव हे भाषेतून उचललेले असते, आणि भाषा कोणा एकाची नसते.

मग आईबापांची इच्छा निव्वळ अहंकाराची होती असे म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. त्यांना जे म्हणावयाचे होते ते खोटे नव्हते. त्यांनी त्याचे ठिकाण चुकवले. मूल अद्वितीय आहे ही त्यांची प्रतीती खरीच होती. फक्त ती नावात साठवता येईल आणि जगाकडून मान्य करून घेता येईल, असे त्यांना वाटले. ज्या गोष्टीची साक्ष केवळ त्यांच्या आणि मुलीच्या संबंधातच मिळू शकत होती, तिची साक्ष त्यांनी हजेरीपटाकडे मागितली.

७

साहित्याला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. इअन वॉट यांनी १९५७ साली कादंबरीच्या उदयाची मीमांसा करताना असे निदर्शनास आणले की पात्रांना गुणसूचक किंवा प्रकारसूचक नावे देण्याचे टाळून नित्याच्या व्यवहारातील माणसांसारखी नावे देणे, हे नव्या वाङ्मयप्रकाराच्या व्यक्तिवादाचे एक लक्षण होते. व्यक्तित्व दाखवण्यासाठी कादंबरीला असाधारण नावाची गरज पडत नाही. हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीची नायिका यमू आहे. आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव तेच, आणि त्या काळात असंख्य मुलींचे ते होते. यमूचे दुःख तिचे एकटीचे वाटते ते तिच्या नावामुळे नव्हे, तर तिने सांगितलेल्या तपशिलामुळे. आणि ते तिच्या पिढीचेही वाटते ते मात्र अंशतः नावामुळे. भालचंद्र नेमाडे यांच्या नायकांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग, 'बिढार'चा (१९७५) चांगदेव, 'हिंदू'चा (२०१०) खंडेराव. ही सर्व दैवतांची आणि संतपरंपरेतील नावे, खेडोपाडी रुळलेली. चांगदेवाचे आडनावही 'पाटील' आहे, जे व्याकरणाच्या पुस्तकात अनेकवचनाचे उदाहरण म्हणून येते. या पात्रांचे अनन्यत्व नावावर अवलंबून नाही, कारण ते कथनात सिद्ध होते. नाव हा कथनाचा आरंभबिंदू असतो, त्याचा निष्कर्ष नसतो.

हाच मुद्दा संस्कृत काव्यशास्त्राने वेगळ्या प्रकारे मांडला आहे. एका शब्दाचे अनेक अर्थ असताना त्यांतला कोणता घ्यावयाचा, हे ठरवणाऱ्या घटकांची जी यादी भर्तृहरीने दिली आणि मम्मटाने पुढे चालवली, तीत 'साहचर्य' हा एक घटक आहे. त्याचे उदाहरण म्हणून येते ते 'राम' हे विशेषनाम. राम अनेक आहेत: दशरथाचा पुत्र, जमदग्नीचा पुत्र, कृष्णाचा भाऊ. 'रामलक्ष्मण' म्हटले की दाशरथी राम कळतो. रामाला वेगळे नाव देऊन त्याचे निश्चितीकरण झालेले नाही. शेजारी लक्ष्मण आहे म्हणून ते झाले आहे. परंपरेने आपल्या सर्वांत प्रिय नावाचे अनेकत्व ही उणीव मानली नाही. सोबतीने अर्थ निश्चित होतो एवढेच तिने सांगितले. मराठी माणूस आपले नाव वडिलांचे नाव आणि आडनाव यांसह लिहितो, हे साहचर्यच होय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. त्यामुळे या साहचर्यातून आजवर वगळली गेलेली व्यक्ती त्यात आली. मुलाचे नाव सर्वांसारखे असू शकते. त्याच्या पुढच्या-मागच्या नावांची ही संगत सहसा दुसऱ्या कोणाची नसते.

'अनन्या' या शब्दाकडे आता पुन्हा पाहता येईल. नाव ठेवणाऱ्यांनी त्याचा अर्थ तुलनेतून घेतला: जिच्यासारखी अन्य नाही ती. परंतु शब्दाचा याहून जुना आणि अधिक रुजलेला अर्थ भक्तीच्या परिभाषेतला आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात 'अनन्य' हे विशेषण येते ते भक्तांसाठी, आणि तेथे ते भक्त इतरांहून वेगळे आहेत असे सांगावयाचे नसते. त्यांच्या चित्तात दुसरा विषय नाही, एवढेच सांगावयाचे असते. पहिला अर्थ जगाशी तुलना मागतो, म्हणून जग त्याला केव्हाही खोटे पाडू शकते. दुसरा अर्थ फक्त एका नात्याविषयी बोलतो. त्याला हजेरीपटावरील संख्येने बाधा येत नाही. अनेक भक्त एकाच वेळी अनन्य असू शकतात, आणि त्यांच्या अनेकत्वाने कोणाचेही अनन्यत्व कमी होत नाही. विशेषनामाचे अनेकवचन व्याकरणाला अडचणीचे वाटते, या अर्थाला ते वाटत नाही.

शाळा सुटते तेव्हा फाटकाबाहेर उभी असलेली आई ते नाव घेऊन हाक मारते. तिघी वळून पाहतात. दोघी आवाज ओळखीचा नाही म्हणून पुन्हा आपल्या खेळात रमतात, आणि एक धावत येते. तिन्ही मुलींचे नाव एक आहे आणि हाकही एकच आहे. कोणी थांबावयाचे आणि कोणी धावावयाचे हे मात्र नावाने ठरवलेले नसते.